वरचा आकडा, खालचा आकडा

आमच्या स्वयंपाकघरात फडताळाशेजारी एक कॅलेंडर टांगलेलं आहे. गॅसची टाकी कधी लावली, दूधवाला कधी आला नाही, असं सगळं त्यात लिहिलेलं असतं. पण गेल्या तीन वर्षांपासून प्रत्येक चौकटीत दोन आकडेही असतात. वरचा माझा, खालचा माझ्या धाकट्या जावेचा. सकाळी उपाशीपोटी बोटाला सुई टोचायची, यंत्रावर रक्तातली साखर बघायची आणि तिथं लिहायची. यंत्र तिच्या मुलानं पुण्याहून पाठवलेलं, दोघींत एक. सुया जिच्या तिच्या. मी मोठी म्हणून आधी माझं बोट, मग तिचं. मी मोठी म्हणून माझा आकडा वर. हा नियम कुणी केला असं विचाराल, तर मीच.

कळंबपासून सात-आठ किलोमीटरवर आमचं गाव. दोघे भाऊ एकत्र, चूल एक, सोयाबीन-हरभऱ्याची शेती एक. माझं माहेर मुरूमचं, तिचं इथल्याच जवळच्या वाशीचं. ती माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान. आमच्यात भांडण म्हणाल तर कधीच झालं नाही. भांडणाला दोघी लागतात, आणि ती भांडत नाही. मी एकटीच आतल्या आत भांडत असते, तीस वर्षं झाली.

तिला साखर निघाली चाळिशीत, मला पन्नाशीत. त्यातही ती पुढं, असं मी तेव्हा चेष्टेत म्हणाले होते. दोघींना गोळ्या त्याच, पथ्य तेच, ज्वारीची भाकरी तीच. तरीही तिचा आकडा एकशेऐंशीच्या खाली यायचा नाही आणि माझा एकशेसत्तरच्या आसपास असायचा. मला ते दहा आकडे पुरत होते. कळंबचे डॉक्टर दोघींचे कागद बघून म्हणायचे, "ताई, तुमचं जरा बरं आहे." मी घरी येऊन ते वाक्य सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं सांगायची.

मग गेल्या वर्षी उन्हाळ्यात तिचा आकडा उतरायला लागला.

आधी एकशेसाठ. मग एकशेपन्नास. एका सकाळी एकशेचौतीस. मी यंत्र हलवून बघितलं, दुसरी पट्टी घालायला लावली. एकशेसदतीस. ती म्हणाली, "अक्का, काल झोप लई गाढ लागली वो." मी चौकटीत आकडा लिहिला, तो मुद्दाम बारीक लिहिला.

कारण मला माहीत होतं. ती लातूरला एका डॉक्टरीणबाईंकडं जाऊन आली होती आणि त्यांनी तिला दंडावर लावायचं हार्मोनचं औषध दिलं होतं. पाण्यासारखं पारदर्शक, ट्यूबमधलं. आंघोळीनंतर कोरड्या दंडावर ठरलेल्या मापानं पसरायचं, चोळायचं नाही, वाळू द्यायचं, हात धुवायचे. पाळी गेल्यावर बाईच्या अंगातून ज्या वाफा उठतात, घामानं रात्रीतून दोनदा झंपर बदलावं लागतं, झोपेचं खोबरं होतं, त्यावरचं ते औषध. महिन्याभरात तिच्या वाफा थांबल्या. ती झोपायला लागली. झोपायला लागली तशी सकाळी उठून शेताच्या बांधावरून चालून यायला लागली. आणि साखर खाली.

आणि मी? माझी पाळी जाऊन तीन वर्षं झाली होती. भाकरी थापताना मानेपासून जी आग चढायची ती कानापर्यंत. भर थंडीत मी पंखा लावायची तर आमचे हे पांघरूण घेऊन ओसरीत जाऊन झोपायचे. ती मात्र ठणठणीत, चेहऱ्यावर तेज. हळदीकुंकवाला बायका तिला विचारायच्या, काय लावता वो चेहऱ्याला. माझ्या पोटात दुखायचं. मी ते झाकूनही ठेवलं नाही. भांडी जरा जोरात ठेवायची, एवढंच.

हा हेवा आजचा नव्हता, त्याला मूळ होतं. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

त्या उन्हाळ्याच्या नऊ वर्षं आधी, ती एकोणचाळीसची असताना, तिची पिशवी काढली. अंगावरून फार जात होतं, म्हणून डॉक्टरांनी गर्भाशय आणि सोबत दोन्ही अंडाशयं, सगळंच काढून टाकलं. आमच्याकडं ह्यात कुणाला फार विशेष वाटत नाही. गल्लीत मोजायला बसलं तर पिशवी असलेल्या बायकाच आधी संपतील. तिला दवाखान्यातून आणलं त्या साली सासूबाईंचे गुडघे गेले होते आणि नवरात्रात घट कुणी सांभाळायचा हा प्रश्न होता.

आमच्या घरचा घट कडक. पहिल्या दिवशी पत्रावळीवर माती पसरून धान पेरायचं, वर घट ठेवायचा, नऊ दिवस दिवा विझू द्यायचा नाही, रोज तरवडाच्या फुलांची नवी माळ बांधायची. आणि हे सगळं एकाच बाईनं करायचं, मधे हात बदलायचा नाही. म्हणजे नऊ दिवसांत जिला पाळीची अडचण येणार नाही अशीच बाई पाहिजे. मी चव्वेचाळीसची, माझी पाळी घड्याळ लावून यायची. सासूबाई म्हणाल्या, "धाकलीला आता अडचण न्हाय. घट तिनं बसवायचा."

मी थोरली सून. मी ह्या घरात आले तेव्हा ती वाशीत शाळेत जात होती. सात वर्षं मी देवघराच्या उंबऱ्याबाहेर उभी राहून तिला माळ बांधताना बघितलं. नैवेद्याचा स्वयंपाक मी करायचा आणि ताट तिनं आत न्यायचं. पाहुण्यारावळ्यांतल्या म्हाताऱ्या तिच्या पाया पडायच्या. एवढंच नाही, तिच्या हातचं धान वीतभर उंच यायचं, पिवळंधमक, आणि सासूबाई सगळ्यांना दाखवायच्या. मला पाळी आली की मी त्या पाळीला शिव्या द्यायची.

मग सासूबाई गेल्या. पुढं पन्नाशीला माझी पाळी थांबली, वर्षभर वाट बघितली, आणि त्या नवरात्रात मी सरळ सांगितलं की मान थोरलीचा आहे, आता घट मी बसवणार. ती "व्हय अक्का" म्हणाली आणि देवघराची किल्ली दिली. इतक्या सहज दिली की मला त्याचाही राग आला.

आता लातूरच्या डॉक्टरीणबाईंकडं मी गेलेच नव्हते असं नाही. तिचा आकडा एकशेचौतीसवर आला, त्याच आठवड्यात मी तिच्याबरोबर बसमधून गेले. म्हटलं, सोबत म्हणून येते. बाई तिशी-पस्तिशीच्या, बोलायला मऊ. तिचे कागद बघून खूश झाल्या, पण लगेच म्हणाल्या, "एक लक्षात ठेवा, हे साखरेचं औषध नाही. वाफा थांबल्या, झोप लागली, चालायला लागलात, त्यानं साखर जरा ऐकायला लागली. गोळ्या बंद करायच्या नाहीत. आणि तुम्हाला साखर आहे म्हणूनच पोटातून गोळी न देता कातडीवरून दिलंय." मग मी घसा खाकरला आणि माझंही सांगितलं. बाईंनी नीट ऐकलं. पिशवी आहे का, विचारलं. आहे, म्हटलं. त्या म्हणाल्या, "मग तुमचं वेगळं. तुम्हाला हे एकटं देता येणार नाही. आधी आतून सोनोग्राफी करू, छातीची तपासणी करू, मग बघू."

वेगळं. एवढंच माझ्या डोक्यात राहिलं. तिला पहिल्या फटक्यात ट्यूब आणि मला तपासण्या. घरात तिचा लाड, तसा इथंही तिचाच लाड. शिवाय ती आतून सोनोग्राफी म्हणजे काय हे तिथल्या नर्सनं समजावलं, तेव्हा मला घामच फुटला. चार बाळंतपणं घरात आणि सरकारी दवाखान्यात झाली, पण या वयात हे नको. "पुढच्या वेळी बघू," म्हणून मी उठले. बाई मागून काहीतरी सांगत होत्या, दोन औषधं, अस्तर, असं काहीतरी. मी ऐकलं नाही. ज्याला मान मिळाला नाही तो कारणं कशाला ऐकेल?

ट्यूब ती तिच्या खोलीत पावडरच्या डब्यामागं ठेवायची. ती सकाळी चालायला गेली की घरात मी एकटी. आमच्या घरात औषधं कुणा एकाची कधीच नव्हती. ह्यांची डोकेदुखीची गोळी दीर घेतात, दिरांचं गुडघ्याचं मलम मी लावते, उरलेलं खोकल्याचं औषध जो खोकेल त्याचं. त्यामुळं पहिल्या दिवशी ट्यूब उघडताना मी मनाला सांगितलं की ही काही चोरी नाही. चोरी नव्हती, तर मी दाराला कडी का लावली, हे मात्र मनाला विचारलं नाही.

मापासाठी खुणा असलेली पट्टी होती. मी अंदाजानं घेतलं, तिच्यापेक्षा कमी नको म्हणून थोडं जास्तच. दंडावर गार लागलं.

पंधरा-वीस दिवसांत फरक पडला. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. तीन वर्षांनी मी पहाटेपर्यंत एका कुशीवर झोपले. मानेवरची आग गेली. भाकऱ्या थापताना गाणं म्हणावंसं वाटलं. आणि कॅलेंडरवर माझा आकडा एकशेपन्नास, एकशेचव्वेचाळीस, एकशेअडतीस असा उतरत गेला. जाऊ म्हणाली, "अक्का, तुमचं काय भारी आलं वो, काय केलाव?" मी म्हटलं, "मेथ्या." लगेच दुसऱ्या दिवसापासून ती बिचारी मेथ्या भिजवून खायला लागली.

आषाढ गेला, श्रावण गेला. मग भादव्यात खालचा आकडा चढायला लागला. तिचा. एकशेपन्नास, मग साठ, मग पुन्हा एकशेसत्तर. ती दुपारी पदरानं वारा घेत बसायची. डोळ्यांखाली काळं आलं. सकाळचं चालणं आठवड्यातून दोन दिवसांवर आलं. मी विचारलंही नाही. मी तिचा आकडा आता मोठ्या अक्षरात लिहायची. मनात म्हणायची, बघा, उतरला ना माज, लातूरचं औषध म्हणे. तिचं काय बिघडलं असेल हा विचार माझ्या मनात आला नाही, कारण मला तो नकोच होता. कॅलेंडरचं ते पान म्हणजे माझं प्रगतिपुस्तक झालं होतं.

नवरात्र आलं. घट बसला. त्या वर्षी मी नऊही दिवसांचे उपवास धरले. कळंबचे डॉक्टर नाही म्हणाले होते, पण आकडे चांगले होते, अंगात रग होती. भगर खायची, शेंगदाण्याची आमटी प्यायची, दिव्यात तेल घालायचं आणि पाया पडायला आलेल्यांना कुंकू लावायचं. मला वाटत होतं, ह्यापेक्षा जास्त काही नको.

चौथ्या माळेला दुपारी मी न्हाणीत गेले आणि लुगड्यावर डाग दिसला.

आधी वाटलं, कुंकू सांडलं. मग कळलं. पाळी जाऊन तीन वर्षं झालेल्या बाईच्या अंगावरून जाणं म्हणजे काय, हे आमच्या गावात शेंबड्या पोरीलाही माहीत आहे. आमच्याच भावकीतली एक बाई ह्याच खुणेनं सुरुवात होऊन वर्षभरात गेली होती. मी न्हाणीत खाली बसले. मनात तीन गोष्टी आल्या. एक, मला तोच रोग झाला. दोन, मी विटाळशी झाले आणि घटाला शिवले. तीन, आता घट तिच्या हातात जाणार. ह्या तिन्हींत तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त बोचली. मरणाची भीती होती, पण तिच्या हातात किल्ली द्यायची भीती तिच्याहून मोठी होती. माणूस किती खालच्या थराला जाऊ शकतो हे मला त्या न्हाणीत कळलं आणि तरीही मी उठून, कपडा घेऊन, हातपाय धुऊन देवघरात गेले आणि दिव्यात तेल घातलं.

पाचवी माळ मी तशीच बांधली. मंडळी, मी देवभोळी बाई आहे. देवीला म्हटलं, उपवासाची उष्णता असेल. देवी काय बोलणार.

सहाव्या दिवशी सकाळी जास्त गेलं. मी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसले होते, तेवढ्यात ती आली. एका हातात यंत्र, दुसऱ्या हातात बांधावरून तोडून आणलेली तरवडाची फुलं, माझ्या माळेसाठी. तिनं स्वतःचं बोट टोचलं. एकशेशहाण्णव. ते बघून ती माझ्या समोर बसली.

"अक्का, म्या ते लातूरचं औषध सोडावं म्हणते."

"का गं?"

"माझ्यावर चालंना. पहिलं लई बरं वाटलं, आता परत तसंच. आन् ट्यूब बी लवकर सरायली. बाई म्हणल्या होत्या इतके दिवस पुरंल, तर निम्म्यातच संपती. मलाच माप जमंना जणू, जास्त पडत असंल. भ्याले म्या. म्हणून महिना झाला अर्धंच लावायले. तर आग परत सुरू. झोप न्हाय, चालू वाटंना, साखर तर बघायलाव तुमी."

तिनं हे सगळं फुलं निवडत सांगितलं. देठं एकीकडं, फुलं एकीकडं. मी त्या ढिगाकडं बघत होते. कॅलेंडरवरचे सगळे मोठ्या अक्षरातले आकडे माझ्या डोळ्यांपुढं आले. ते मी लिहिले होते आणि मीच चढवले होते. माझी उतरलेली साखर, माझी झोप, सगळं तिच्या दंडावरून काढून आणलेलं होतं, आणि ती बापडी माझंच बघून मेथ्या खात होती.

मी म्हणाले, "माप तुझं चुकलं न्हाय. म्या लावायले. आषाढापासनं."

तिचे हात थांबले.

"आन् मला कालच्या आदल्या दिवसापासनं जायलंय," मी म्हणाले. "अंगावरनं."

मला वाटलं, ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त विचारलं, "किती जायलंय?" मी सांगितलं. मग विचारलं, "घटाला शिवलाव का?" मी मान हलवली. ती उठली, फुलं परातीत झाकून ठेवली आणि आंघोळीला गेली. केस ओले ठेवून आली, हात पुढं केला. मी कमरेची किल्ली काढून दिली. सहावी माळ तिनं बांधली. मी पुन्हा उंबऱ्याबाहेर, माझ्या जुन्या जागी. घरात बाकीच्यांनी विचारलं तर तिनं सांगितलं, अक्काला उपवासानं चक्कर आली, म्या बघते घटाचं. मधे हात बदलला म्हणून पुरुषांनी तोंडं वाकडी केली, ती दिव्यात तेल घालत राहिली.

त्याच दिवशी दिव्याजवळ आमच्या ह्यांना तेलाची बाटली देऊन बसवलं आणि आम्ही लातूरची बस धरली.

डॉक्टरीणबाईंनी आतून सोनोग्राफी केली. जिला भिऊन मी पळाले होते ती पाच मिनिटांत झाली. पिशवीचं अस्तर वाढलं होतं. तुकडा काढून तपासायला पाठवला. मग बाईंनी मला समोर बसवलं आणि जरा कडक आवाजात सांगितलं, "हे औषध एकटं लावलं की पिशवीचं अस्तर वाढत जातं. वाढलं की रक्त जातं, आणि तसंच वाढू दिलं तर पुढं धोका असतो. म्हणून पिशवी असलेल्या बाईला त्याच्या जोडीनं दुसरं औषध द्यावं लागतं, अस्तर ताब्यात ठेवणारं. हेच मी त्या दिवशी सांगत होते." मी जावेकडं बोट दाखवून विचारलं, मग हिला कसं एकटं चालतं? बाई म्हणाल्या, "त्यांना पिशवीच नाही. जपायचं काय?"

वेगळं म्हणजे हे होतं. तिला एकच औषध होतं कारण तिच्या पोटात जपण्यासारखं काही उरलं नव्हतं. आणि मी त्याला लाड समजत होते.

अहवालाला आठ-दहा दिवस लागणार होते. ते दिवस कसे गेले ते मी सांगणार नाही. दसऱ्याला तिनं घट उठवला. धान चांगलंच वाढलं होतं, पाच दिवस माझ्या हातचं पाणी आणि चार दिवस तिच्या हातचं. तिनं सगळ्यांना वाटलं आणि एक जुडगा माझ्या अंबाड्यात खोवून पुढच्या बाईकडं वळली. सकाळी यंत्र आणायची, माझा आकडा बघायची, तिचा बघायची, लिहायची आणि निघून जायची. माझा पुन्हा एकशेसत्तर. वाफा परत आल्या होत्या, कारण ट्यूब बंद होती. तिचा मात्र पूर्ण मापानं लावल्यावर पुन्हा उतरत होता. मला वाईट वाटायला पाहिजे होतं, आणि वाटतही होतं, पण तिचा उतरता आकडा बघून पोटात ती जुनी कळ यायचीच. जित्याची खोड.

अहवाल आणायला परत दोघीच गेलो. वाईट काही नव्हतं. अस्तर वाढलेलं, बाकी काही नाही. बाईंनी आधी ते अस्तर उतरवायचं औषध दिलं, तीन महिन्यांनी पुन्हा तपासू म्हणाल्या, आणि सगळं ठीक असेल तर तुम्हालाही तुमचं स्वतःचं औषध देऊ, दोन्ही मिळून, असं सांगितलं. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले. ती शेजारी उभी राहिली, पदर धरून नाही, पाठीवर हात ठेवून नाही, नुसती उभी.

परतीच्या बसमध्ये खिडकीशी ती आणि शेजारी मी. माझा जीव हलका झाला होता, त्या भरात मी बोलून गेले. म्हटलं, "चुकलं माझं. पुढच्या वर्षीपासनं घट तूच बसव. कायमचा. म्या म्हणते म्हणजे कुणी काय म्हणत न्हाय."

माझ्या दृष्टीनं ह्याच्याहून मोठं देण्यासारखं माझ्यापाशी काही नव्हतं.

तिनं खिडकीची काच लावून घेतली. मग म्हणाली, "पिशवी काढली त्या साली घट बसवला, तवा तिसऱ्या माळेला म्या तुमाला सांगितलं होतं. ध्यानात हाय का? म्हणलं अक्का, अंगातून आग निघती, दिव्याजवळ बसवंना. तुमी काय म्हणलाव?"

मला आठवत नाही, असं मी म्हणाले. मला आठवत होतं. मी भाजी चिरत होते आणि मान वर न करता म्हणाले होते, घट पाहिजे, मग आग नको व्हय.

"नऊ वर्षं झाली," ती म्हणाली. "त्याच्यानंतर म्या घरात कुणालाच सांगितलं न्हाय. तुमाला तीन वर्षं काढवंनात." हे तिनं टोमण्यानं म्हटलं नाही. जसं आहे तसं सांगितलं. मग म्हणाली, "आन् घटाचं म्हणाल तर अक्का, मला घट कधीच नको होता. मला पाळी पाहिजे होती. अजून धा वर्षं."

कंडक्टर तिकिटं विचारत आला. मी दोघींची काढली. सात वर्षं मी उंबऱ्याबाहेर उभी राहून जिचा हेवा केला, ती आत बसून माझा करत होती. महिन्याच्या महिन्याला मी बाजूला बसायची, त्याचा.

ह्याला आता वर्ष होत आलं. माझी तपासणी नीट आली. माझं औषध आता माझं आहे, सोबतची रात्रीची गोळी आहे, आणि दोन ट्यूब दोन खोल्यांत असतात. घट अजून माझ्याकडंच आहे. तिनं घेतला नाही, आणि मीही दुसऱ्यांदा आग्रह केला नाही. तेवढी मी चांगली झाले नाही.

फक्त त्या बसमधून आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र आणलं, तेव्हा मी तिचं बोट आधी धरलं. विचारलं, झोप लागली का रात्री. नऊ वर्षांत पहिल्यांदा विचारलं. ती म्हणाली, लागली. आकडा एकशेएकोणतीस आला, माझ्यापेक्षा बराच कमी. पोटात दुखलंच. तरी लिहिताना तिचा वर लिहिला आणि माझा खाली, आणि तेव्हापासून तसंच चालू आहे.